गोव्यातल्या चित्रकारांशी बोलायला जाताना

डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: "गोव्यातले आजचे चित्रकार, शिल्पकार आणि क्युरेटर यांना भेटून दहा-बारा मुलाखती मराठीत लिहायच्या मनात आहेत. पण मला चित्रकलेतलं काही कळत नाही. सुरुवात कुणापासून करू? काय विचारू? क्युरेटरला नेमकं काय विचारायचं असतं? आणि ही मंडळी बोलणार कोंकणीत नाहीतर इंग्रजीत, त्याचं मराठी कसं करू?"

बाई, अनेक वर्षं मी अशा मुलाखती घेते आहे. तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

चित्रकलेतलं कळत नाही, ही अडचण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. खरी अडचण ही की आपण अर्थ विचारायला जातो. "या चित्रातून तुम्हाला काय सांगायचंय?" असं विचारलं की बहुतेक चित्रकारांचा चेहरा मिटतो. सांगायचं ते त्यांनी रंगात सांगून झालेलं असतं. तेच पुन्हा शब्दांत मागितलं की ते कॅटलॉगमधली, म्हणजे प्रदर्शनाच्या पुस्तिकेतली वाक्यं म्हणतात, आणि ती वाक्यं पुष्कळदा दुसऱ्याच कुणी इंग्रजीत लिहून दिलेली असतात. म्हणून आधी कृती विचारा. काय केलंत, कशानं केलंत, कुठं अडलात, काय खरवडून काढलंत. अर्थ त्यातूनच हाती लागतो.

हे मी माशेलला शिकले. एका तरुण शिल्पकाराकडे गेले होते. त्याची शिल्पं मुंबई-दिल्लीत लागतात, पण घराची पिढीजात गणपतीची चित्रशाळा आहे. जुलैचा महिना, चतुर्थी तोंडावर. पडवीत, ओसरीवर, अगदी न्हाणीघराच्या वाटेवरही ओल्या मूर्ती मांडलेल्या. मी कॅटलॉग वाचून चौदा प्रश्न लिहून नेले होते. 'तुमच्या कामात विस्थापनाची जाणीव ठळकपणे दिसते' असा पहिला. तो म्हणाला, "हय, आसा." आणि गप्प. दुसऱ्या प्रश्नाला नुसतं हसला. त्याचा अंगठा सोंडेच्या वळणावरून फिरत होता, पाण्यात बुडत होता, परत फिरत होता.

मी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि कोपऱ्यातल्या एका अर्धवट धडाकडे बोट करून विचारलं, "ह्याच्या आत काय आहे?"

पुढची चाळीस मिनिटं तोच बोलत होता. माती वाळताना आकसते, आतला सांगाडा तिच्याबरोबर आकसला नाही की तडा जातो, म्हणून वडील आत गवत आणि काथ्या घालायचे. लाकूड घातलं तर ते जागचं हलत नाही आणि माती फुटते. भंगलेली मूर्ती पुजायची नसते, त्यामुळे तडा गेलेले गणपती वडील मागच्या खोपीत नेऊन ठेवायचे, पाऊस सरला की ती माती पुन्हा भिजत घालायची. लहानपणी हा त्या खोपीत जाऊन बसायचा. पूजेला न गेलेले ते गणपती, कुणाच्याच घरी न पोचलेले. कोपऱ्यातल्या धडाच्या आत त्यानं मुद्दाम साजाचं लाकूड घातलं होतं, तडा कुठून जातो ते बघायला. "तडा खंय वतलो तें हाताक कळटा," तो म्हणाला, "तोंडाक कळना." तडा कुठं जाणार ते हाताला कळतं, तोंडाला नाही.

कॅटलॉगमधलं 'विस्थापन' चुकीचं नव्हतं. पण त्या खोपीशिवाय त्या शब्दाला काही वजन नव्हतं. ती खोप त्या कॅटलॉगमध्ये कुठंच नव्हती, कारण आत काय आहे हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आता तयारीचं. भेटीला जाण्याआधी त्या माणसाचं काम प्रत्यक्ष पाहा. मोबाइलवर पाहिलेलं धरू नका. आकार कळत नाही, पोत कळत नाही, आणि दोन फुटांचं चित्र व दहा फुटांचं चित्र पडद्यावर सारखंच दिसतं. एखाद्या कामासमोर अर्धा तास उभ्या राहा आणि दिसतं तेवढंच वहीत लिहा. 'उदास वाटतं' असं नको. 'खालचा तिसरा भाग मोकळा सोडलाय, तिथं कॅनव्हासचे धागे दिसतात' असं लिहा. तुम्ही कविता शिकवता. कवितेतली एक ओळ मोकळी का सोडली हे मुलांना विचारता ना, तसंच हे. या अर्ध्या तासात निघालेले तीन प्रश्न घरी बसून काढलेल्या तीसांना भारी पडतात.

सवयीसाठी पणजीत आणि आसपास हिंडा. फोंतेन्हासमधल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आंतोनियु शावियेर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. सांग्यात १८७० साली जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायचा. घरातल्या बायकांची त्यांनी केलेली व्यक्तिचित्रं पाहा, कापडावर पडलेला उजेड पाहा. आल्तिनोवर सुनापरान्त हे कलाकेंद्र आहे, २००९ पासून. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत सुबोध केरकरांनी २०१५ मध्ये उभं केलेलं म्युझियम ऑफ गोवा आहे. केरकर मूळचे डॉक्टर, आणि समुद्र, शिंपले, जुन्या होड्यांची लाकडं हे त्यांचं साहित्य. कला अकादमीत गेलात तर चार्ल्स कोरियांनी आखलेली ती इमारतही पाहून या. दालनात उजेड कुठून येतो, याचा चित्रावर काय परिणाम होतो, हे तिथं उभं राहिल्यावर समजतं.

आणि काम एखाद्या जागेबद्दल असेल, तर आधी त्या जागी जा. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरतं तेव्हा घरांचे चौथरे वर येतात आणि जुने गावकरी तिथं परत जमतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं ते गाव. शिल्पकार साहिल नाईक यांनी त्या गावावर काम केलं आहे. मे महिन्यात त्या भेगाळलेल्या चिखलावरून एकदा चालून आलात, की अशा कामाबद्दल विचारायचे प्रश्न वेगळे होतात.

सुरुवात कुणापासून, यावर माझं मत ठाम आहे: मोठ्या नावांपासून नको. तुमच्याच तालुक्यातल्या शाळांमधले चित्रकला शिक्षक शोधा. त्यांतले पुष्कळजण आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयातून शिकलेले असतात, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर स्वतःचं काम करतात. त्यांना कुणी विचारत नाही. ते मोकळेपणानं बोलतात, आणि पुढं कुणाकडे जायचं हेही तेच सांगतात.

नवख्या माणसाकडून हमखास होणारी एक चूक सांगून ठेवते. प्रत्येक चित्रकाराला सोझा आणि गायतोंडे या गोव्याशी नातं असलेल्या जगप्रसिद्ध चित्रकारांबद्दल विचारू नका. सासष्टीतली असो की पेडण्यातली, तरुण पोरं या प्रश्नाला विटली आहेत. मात्र त्याच इतिहासातून एक खरा प्रश्न निघतो. फ्रान्सिस न्यूटन सोझा साळगावात १९२४ मध्ये जन्मले आणि मुंबई, लंडन, न्यूयॉर्क असे दूर गेले. आंजेलो द फोन्सेका पुण्याच्या आश्रमात राहिले, तिथं त्यांनी नऊवारीतली मरियम रंगवली. लक्ष्मण पै मडगावचे, पॅरिसला दहा वर्षं काढली आणि १९७७ मध्ये कला महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून परत आले. म्हणजे आधीच्या पिढ्यांना चित्रकार व्हायचं तर गोवा सोडावाच लागे. १९७२ मध्ये महाविद्यालय सुरू झालं आणि इथं राहून शिकता येऊ लागलं, तरी पदव्युत्तर शिक्षणाला अनेकजण हैदराबाद-बडोद्याला गेलेच. तेव्हा विचारा: तुम्ही परत का आलात? किंवा, का गेला नाहीत? या प्रश्नावर मला आजवर एकदाही ठरीव उत्तर मिळालेलं नाही. आई आजारी होती, बागायत बघायला कुणी नव्हतं, मुंबईत भाडं परवडेना, नदीशिवाय झोप येईना. चित्रं कुठून येतात ते अशा उत्तरांत सापडतं.

वेळेचंही पाहा. डिसेंबरात कुणालाच गाठू नका. तेव्हा पणजीत सेरेंडिपिटी हा मोठा कलामहोत्सव असतो, बाकी प्रदर्शनांचीही गर्दी असते आणि सगळे धावपळीत असतात. मूर्तिकारांकडे चतुर्थीच्या आधी जायचंच तर बोलायला नको, नुसतं बघायला जा; बोलणं दिवाळीनंतर. बाकीच्यांसाठी पावसाळा उत्तम. प्रदर्शनं कमी, माणसं घरी, आणि कागदाला बुरशी कशी येते, तैलरंग वाळायला किती दिवस घेतो, चित्रं कशात गुंडाळून ठेवली आहेत, हे सगळं समोरच दिसतं.

आता भाषा. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि यातच मी सगळ्यात वाईट चुकले आहे.

काणकोणच्या एका चित्रकर्तीशी मी बोलले. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर. जुन्या दारांच्या फळ्यांवर ती रंगवते. फळ्यांवरचा मूळ रंग कसा उडाला ते सांगताना ती म्हणाली, "खाऱ्या वाऱ्यान रंग खालो." मी लिहिलं, 'सागरी हवामानाचा रंगद्रव्यांवर झालेला परिणाम त्यांना मोलाचा वाटतो.' छापून आलं त्या दिवशी तिचा फोन आला. रागावली नव्हती, पण आवाज पडलेला होता. म्हणाली, "हें कोण उलयता?" हे कोण बोलतंय? तिच्या जागी मी भलत्याच कुणाला तरी बसवलं होतं. 'खाऱ्या वाऱ्यानं रंग खाल्ला', एवढंच लिहायचं होतं. कोंकणी आणि मराठी इतक्या जवळ आहेत की चांगलं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं येतं. आपण त्याला 'साहित्यिक' करायला जातो आणि ते मरतं.

म्हणून भेटीच्या आरंभीच सांगा, "तुम्ही कोंकणीतच बोला, मी मराठीत लिहीन." भाषेचा विषय आपल्याकडे अजून हळवा आहे हे तुम्हाला सांगायला नको, ही एक ओळ बोललात की समोरच्याचे खांदे सैल पडतात. इंग्रजीत सुरू झालेला माणूसही हातातल्या कामाबद्दल बोलताना कोंकणीवर येतो. त्या क्षणी मध्ये बोलू नका. लिहिताना एखादा कोंकणी शब्द तसाच ठेवा, जिथं मराठीत तेवढा नेमका नाही तिथं. ख्रिस्ती चित्रकारांपैकी अनेकजण कोंकणी रोमी, म्हणजे रोमन लिपीत लिहितात-वाचतात, मराठी मजकूर त्यांना स्वतः वाचता येत नाही. त्यांना तुमचा मजकूर फोनवर तरी पूर्ण वाचून दाखवा, सारांश सांगून भागवू नका. काणकोणच्या त्या फोननंतर मी छापण्याआधी प्रत्येकाला त्याची वाक्यं वाचून दाखवते. फार थोडे बदल सुचवतात. सुचवतात ते बरोबरच असतात.

क्युरेटरकडे वळू. मराठीत कुणी 'कलासंयोजक' लिहितात, पण बोलताना सगळे क्युरेटरच म्हणतात, तुम्हीही तेच लिहा. कामं निवडणं, ती एकमेकांशेजारी कशी ठेवायची ते ठरवणं, आणि पाहणाऱ्यानं कुठून आत येऊन काय आधी पाहावं याची वाट आखणं, हे त्याचं काम. नाटकात दिग्दर्शक दिसत नाही पण प्रत्येक हालचालीत असतो, तसं. त्यामुळे क्युरेटरची मुलाखत कॉफी पीत घेऊ नका. प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी दालनात जा आणि मागून चालत राहा.

मी अशी एकदा एका क्युरेटरबाईंच्या मागे चार तास हिंडले. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर यावा, असा संकेत असतो. त्यांनी एक छोटं चित्र त्याच्या बरंच खाली लावून घेतलं. मुलांनी शिडी लावली, खिळा ठोकला, चित्र टांगलं. बाई लांब गेल्या, परत आल्या, म्हणाल्या, "आणखी चार बोटं खाली." मी विचारलं, का? त्यांनी मला भिंतीपाशी नेलं आणि चित्र पाहायला सांगितलं. पाहण्यासाठी मला वाकावं लागलं. चित्र होतं उंबऱ्यावर बसून भात निवडणाऱ्या आजीचं. पुढं काही विचारायची गरज उरली नाही. दोन पानी संकल्पनेची टिपणी त्यांनी मला दिली होती, तिच्यात हे नव्हतं.

क्युरेटरला विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न: काय वगळलंत? घेतलेल्या कामांबद्दल सगळे बोलतात. वगळलेल्याबद्दल बोलताना त्यांचा विचार उघडा पडतो. गोव्यात हे आणखी महत्त्वाचं, कारण इथल्या कलावंतांना एकत्र पाहायची संधीच फार कमी आली. २००७ मध्ये पणजीच्या जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इमारतीत क्युरेटर रणजित होस्कोटे यांनी 'अपरान्त' हे प्रदर्शन मांडलं, तेव्हा वेगवेगळ्या पिढ्यांची गोमंतकीय कामं एका छपराखाली आली. मांडवीकाठची ती जुनी इमारत. त्या खोल्यांतून फिरताना आपल्याकडे एवढं आहे, हे मला पहिल्यांदा उमगलं. माझ्यासारख्या कित्येकांना या कामाची गोडी तिथून लागली. २०१६ पासून सेरेंडिपिटीनं दर डिसेंबरात दृश्यकला, हस्तकला, छायाचित्रण, नाटक, संगीत अशा प्रत्येक विभागाला वेगळे क्युरेटर देऊन महोत्सव भरवायला सुरुवात केली. बाहेरचं पुष्कळ काही आपल्या दारात आलं, इथल्या मुलांना त्यात कामही मिळालं. मग स्थानिक चित्रकार विचारतात की जानेवारीत काय? हा प्रश्न क्युरेटरसमोर जरूर ठेवा, आरोपाच्या सुरात नको. पैशाबद्दलही विचारा: कलावंताला मानधन मिळालं का, कामाची ने-आण आणि विमा कुणी भरला. मराठीत आपण याबद्दल लिहीत नाही, आणि त्यामुळे घरच्यांना वाटत राहतं की पोरगा फुकट राबतोय किंवा भलताच कमावतोय.

आणखी एक विचारा: नाव कुणाचं लागलं? आपल्या कावी कलेचंच घ्या. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती मिसळलेला थर द्यायचा आणि तो ओला असेपर्यंत टोकदार हत्यारानं कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात पाहा. थर वाळला की संपलं, चूक दुरुस्त होत नाही. आज काही समकालीन कलावंत ही पद्धत आपल्या कामात आणतात, आणि चांगलं आहे. पण भिंतीवर हात एखाद्या जुन्या कारागिराचा चाललेला असतो आणि पट्टीवर नाव एकाचंच असतं. कुंकळ्ळीच्या लाकूड रंगवणाऱ्या चिताऱ्यांचं, कुंभारांचं, विणणाऱ्या बायकांचं तेच. क्युरेटरला हे विचारा आणि मग त्या कारागिराला शोधून त्याच्याशीही बोला. तुमच्या दहा-बारांत असे दोन-तीन असले तर मालिका नुसत्या चित्रकारांपेक्षा भरीव होईल असं मला मनापासून वाटतं.

राहिलेलं थोडक्यात. ध्वनिमुद्रण विचारून करा, दोन यंत्रांवर करा; पत्र्याच्या छपराखाली पाऊस लागला तर काही ऐकू येत नाही, तेव्हा माजघरात बसा. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला मला अजून पाच तास लागतात. चित्राचं नाव, साल, माध्यम आणि सेंटिमीटरमध्ये माप, उंची आधी मग रुंदी, तिथंच लिहून घ्या. चित्राचा फोटो छापायचा तर चित्रकाराची लेखी परवानगी घ्या, चित्र विकलं गेलेलं असलं तरीही: १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार कॅनव्हास विकला म्हणून त्यासोबत प्रताधिकार जात नाही, तो सर्वसाधारणपणे चित्रकाराकडेच राहतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे. फोटो पाठवताना वरची बाजू कुठली ते बाणानं दाखवा. माझ्या एका मुलाखतीसोबत अमूर्त चित्र उलटं छापलं गेलं होतं. त्या चित्रकारानं काही बोलून दाखवलं नाही, पण पुढच्या प्रदर्शनाचं बोलावणं मला आलं नाही.

तुम्ही डिचोलीच्या आहात, पाऊस अजून दोन महिने आहे. आसपासच्या शाळांमधल्या चित्रकला शिक्षकांपैकी एकाला या रविवारी फोन करा. जाताना वही न्या, प्रश्नांचा कागद नको. खोलीत शिरल्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवलेली चित्रं असतील, प्रत्येकाकडे असतात. तीच का फिरवून ठेवलीत, असं विचारा.